वसईचा जुना कोट : एक पायी फेरी

जुन्या नगराचा इतिहास ग्रंथांत वाचणे निराळे आणि तोच इतिहास पायांखाली घालणे निराळे. भूमध्य समुद्राच्या परिसरात दुब्रोव्हनिकसारखी अशी नगरे आजही आहेत की, ज्यांच्या तटबंदीच्या आत गाडीघोड्यास मज्जाव असून पाहणाऱ्यास स्वतःच्या पायांवाचून दुसरे वाहन नाही. तट, वेशीचा दरवाजा, मधला चौक, चौकाच्या तोंडाशी मुख्य देऊळ, त्यालगत मठ व रुग्णालय, आणि शेवटी बंदराकडे उतरणारा रस्ता, असा त्या नगरांचा सामान्य घाट असतो. हा घाट पोर्तुगीज लोकांनी सोळाव्या शतकात आपल्याबरोबर आणिला व आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर वसविला. ते नगर म्हणजे वसईचा कोट होय. आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी पुस्तिकेत त्या कोटातील पायी फेरीचा वृत्तान्त वाचकांपुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे.

वर्धा जिल्ह्यातील वाचक सहजच विचारतील की, समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आम्हांस वसईचे काय कौतुक? प्रश्न रास्त आहे. आपला जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यापासून वेगळा झाला आणि वर्धा शहर तर १८६६ साली पालकवाडी नामक खेड्याच्या जागी आखून वसविले गेले. म्हणजे नगर या दृष्टीने आपण अगदी अलीकडचे. खरे जुने स्थळ पाहावयाचे तर वर्ध्याहून सुमारे आठ किलोमीटरांवर धाम नदीच्या काठी असलेले पवनार. तेथे जुन्या तटाचा दरवाजा उभा आहे. विनोबांच्या आश्रमाची जमीन खणताना निघालेली प्राचीन शिल्पे तेथेच ठेविलेली आहेत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मत मांडले. रामटेकनजीकच्या मनसर येथील उत्खननानंतर काही विद्वान तो मान मनसरला देतात. वाद कसाही मिटो. पवनारच्या गल्ल्यांतून जो एकदा हिंडला, त्यास इतके कळून चुकते की, जमिनीखाली एक नगर निजलेले आहे आणि वरची माणसे आपापल्या कामात आहेत. वसईस हेच दृश्य दिसते. भेद इतकाच की, तेथील नगर जमिनीखाली गेलेले नाही. ते भग्न स्थितीत, परंतु उभे आहे.

दुसरे असे की, आपल्या भागात धर्माचे बी वसईहून आले नाही. फ्रान्समधील आनसी नगराशी संबंध असलेल्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाच्या धर्मगुरूंनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कामठी व नागपूर या बाजूस श्रम केले, आणि १८८७ साली नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. वसईच्या ख्रिस्ती समाजाचे वय याहून तीनशे वर्षांनी अधिक आहे. तेव्हा वसई आमची जननी नव्हे. परंतु मराठी बोलणारी व मराठीत प्रार्थना करणारी ती आमची वडील बहीण खास आहे. धाकट्याने वडील बहिणीच्या घरी एकदा तरी जाऊन यावे, तिने काय भोगले व काय राखले ते पाहावे, यात अनुचित काहीच नाही.

आता प्रत्यक्ष फेरीकडे वळू. वर्ध्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीने दादरपर्यंत यावे व तेथून पश्चिम रेल्वेने वसई रोड स्थानकास उतरावे. स्थानकाहून वसई गावात व तेथून पुढे किल्लाबंदराच्या रस्त्याने कोटापाशी जाता येते. कोट उल्हास नदीच्या खाडीच्या मुखाशी आहे. तीन बाजूंनी पाणी व दलदल, आणि एका बाजूने जमीन, अशी ही जागा. तटाचा घेर साडेचार किलोमीटरांच्या आसपास असून त्यास कोनाकृती बुरूज काढिलेले आहेत. आपल्याकडील गढीचे बुरूज गोल असतात. हे तसे नाहीत. तोफांचा मारा सुरू झाल्यावर इटलीतील स्थापत्यकारांनी अशी युक्ती काढिली की, बुरुजास बाणाच्या टोकासारखा आकार द्यावा, म्हणजे एका बुरुजावरून दुसऱ्या बुरुजाच्या पायथ्याचे रक्षण करता येते व शत्रूस दडावयास जागा उरत नाही. भूमध्य समुद्राच्या काठी शोधिलेली ही विद्या कोकणच्या काळ्या दगडात उतरलेली पाहून मौज वाटते.

जमिनीकडील दरवाजातून आत शिरताना सरळ वाट मिळत नाही. बाहेरचा दरवाजा ओलांडला की वाट वळते आणि मग आतला दरवाजा येतो. शत्रूचा लोंढा एकदम आत घुसू नये, म्हणून ही योजना. आत गेल्यावर प्रथम वाटते की, आपण रानात आलो. ताडाची झाडे, वड-पिंपळांच्या मुळ्यांनी कवटाळलेल्या भिंती, आणि मधूनमधून उंच कमानी. परंतु थोडे चालले की नगराचा आराखडा मनात उमटू लागतो. नेपल्सहून निघून जगाची प्रदक्षिणा करणारा जेमेल्ली कारेरी हा प्रवासी १६९५ साली येथे आला होता. वसईचे रस्ते रुंद व सरळ असून मोठ्या चौकाभोवती चांगल्या इमारती आहेत, असे त्याने लिहून ठेविले. भूमध्य समुद्राकाठचा हा माणूस या रस्त्यांनी चालला, तेव्हा त्यास आपल्या देशातील नगराची आठवण झाली असल्यास नवल नाही. मात्र नगराचा एक भाग रोगराईने ओस पडल्याचेही त्याने नमूद केले आहे. म्हणजे नगराचा ऱ्हास शत्रू येण्यापूर्वीच सुरू झाला होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हे नगर उभे कसे राहिले, ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. वसईचा प्रदेश गुजरातच्या सुलतानाकडे होता. दिल्लीच्या हुमायून बादशहाचे संकट समोर दिसू लागले, तेव्हा सुलतान बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ रोजी तह करून वसई व तिच्याभोवतीचा मुलूख पोर्तुगीजांस दिला. त्यातच मुंबईची बेटे होती. गव्हर्नर नुनो द कुन्या याच्या आज्ञेने १५३६ साली गार्सिया द सा याने येथे किल्ल्याचे काम केले. तोच मधला बालेकिल्ला होय. भोवतालचा मोठा तट पुढे त्याच शतकात उभा राहिला. वसई ही पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'ची राजधानी झाली, आणि गोव्याच्या खालोखाल तिचे वैभव गणले जाऊ लागले. तटाच्या आत मुख्यत्वे पोर्तुगीज उमराव राहत. या उमरावांच्या ऐटीमुळे नगरास 'दों बासाईं', म्हणजे जणू 'सरदार वसई', असे थट्टेने म्हणत असत. नगराचा दगड नावाजलेला होता. गोव्यातील बॉम जेझू मंदिरात, जेथे संत फ्रान्सिस झेवियर यांचे शरीर ठेविलेले आहे, त्या मंदिराच्या दर्शनी भागास लागलेला काळा दगड वसईहून नेलेला आहे. ज्या वाचकांनी गोव्याची यात्रा केली, त्यांनी वसईचा एक तुकडा तेथे पाहिलाच आहे.

बालेकिल्ल्याच्या दारावर पोर्तुगालचे राजचिन्ह, क्रूस व खगोलाची आकृती कोरलेली दिसते. क्रूस देवाचा, चिन्ह राजाचे आणि खगोल दर्यावर्दीचा. तिन्ही एका दगडावर शेजारी शेजारी आहेत. त्या काळाचे मर्म या एकाच दगडात आहे, असे आम्हांस वाटले. धर्म, राज्य व व्यापार ही तीन कामे तेव्हा एकमेकांपासून वेगळी काढता येत नसत, आणि त्यातूनच पुढील चांगले व वाईट, दोन्ही निपजले.

येथून मंदिरांची फेरी सुरू करावी. येशूसंघीयांचे 'येशूच्या पवित्र नामाचे' मंदिर हे सर्वांत देखणे. दाराच्या दोन्ही बाजूंस पन्हळी पाडलेले खांब असून वर येशूनामाची अक्षरमुद्रा कोरलेली आहे. याच्या लगत येशूसंघाचे विद्यालय होते. संत फ्रान्सिस झेवियर १५४८ साली वसईस आले होते, आणि त्या सुमारासच येथील येशूसंघीय कार्याचा पाया पडला. हे मंदिर अलीकडे दुरुस्त करण्यात आले असून संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणास भाविक येथे जमतात. तेव्हा भग्न नगरात प्रार्थनेचा शब्द अगदीच निमाला आहे, असे कोणी समजू नये.

फ्रान्सिस्कन संघाचे संत अंतोनी यांचे मंदिर पाहताना पाय आपोआप जपून पडतात. कारण तेथील फरशी म्हणजे थडग्यांच्या शिळा होत. कोणी अधिकारी, कोणाची पत्नी, कोणाचा वंश, अशी नावे व कुळचिन्हे त्यांवर कोरली आहेत. छप्पर केव्हाच गेले. पावसाळ्यात त्या अक्षरांवर गवत येते आणि उन्हाळ्यात ते वाळून अक्षरे पुन्हा दिसू लागतात. ज्यांच्या नावाने एके काळी माणसे उठून उभी राहत, त्यांची नावे आज वाचावयास गुडघे टेकावे लागतात, तेही अक्षरे झिजली म्हणून.

डॉमिनिकन संघाचे मंदिर संत गोन्सालो यांच्या नावाचे आहे. येथे वाचकांनी एक सावधगिरी घ्यावी. हे संत गोन्सालो पोर्तुगालातील आमारांत गावचे, फार पूर्वीचे. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया ते निराळे. नामसादृश्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. ऑगस्टिनियन संघाचे मंदिर, दयासंस्थेचे रुग्णालय, नगरसभेची इमारत, कप्तानाचा वाडा, असे अवशेष पाहत पाहत आपण बंदराकडील बाजूस येतो. तेथे संत योसेफ यांचे प्रधान मंदिर आहे. दारावरील शिलालेखात १६०१ साली, आर्चबिशप आलेशो द मेनेझेस यांच्या कारकिर्दीत, मंदिराची पुनर्बांधणी झाल्याचे लिहिले आहे. याचा घंटाघराचा मनोरा अद्याप उभा असून आतील अरुंद चक्री जिन्याने वर जाता येते. वरून एका दृष्टिक्षेपात सारे नगर दिसते. एका बाजूस ताडांतून डोकावणाऱ्या कमानी, दुसऱ्या बाजूस खाडी, आणि खाली किल्लाबंदर व पाचूबंदर या कोळीवाड्यांतील होड्या व वाळत घातलेली मासळी.

मनोरा आहे, घंटा मात्र नाही. ही घंटा गेली कोठे, या प्रश्नाचे उत्तर देताना आपण या नगराच्या दुखऱ्या जागी येतो, आणि तेथे थोडे थांबलेच पाहिजे.

मराठी माणूस वसईचे नाव उच्चारतो ते चिमाजी अप्पाच्या पराक्रमासाठी. १७३७ साली पेशव्यांच्या फौजांनी साष्टी व ठाणे घेतले. १७३९ च्या फेब्रुवारीत वसईस वेढा पडला. समोर समुद्र, पायाखाली दलदल, आणि तटावर तोफा, अशा स्थितीत मराठ्यांनी तटाखाली सुरुंग खणले. ते उडवून संत सेबास्तियनच्या बुरुजास खिंडार पाडले. पोर्तुगीज सेनापती सिल्वेरा द मेनेझेस वेढ्यात कामास आला व कायतान द सौझा परेरा याने पुढे झुंज चालविली. दोन्ही बाजूंनी अतोनात रक्त सांडले. मराठ्यांकडील पडलेल्यांची गणती हजारांनी होते. किल्ला हाती येत नाही तर माझे मस्तक तरी तोफेने आत उडवा, असे चिमाजी अप्पा म्हणाल्याची आख्यायिका घरोघर सांगतात. अखेर मे १७३९ मध्ये तह झाला. तो शरण आलेल्यांच्या मानाचा होता. पोर्तुगीज शिबंदीस शस्त्रांसह बाहेर पडू दिले, धर्मगुरूंस पूजासाहित्य नेण्याची मोकळीक मिळाली, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची हमी देण्यात आली. विजयी सेनापतीचे हे औदार्य आपण कृतज्ञतेने स्मरले पाहिजे. मंदिरांच्या घंटा मात्र विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा, भीमाशंकराची घंटा, वाईजवळील मेणवलीच्या घाटावरील घंटा, या सर्व त्या मोहिमेच्याच म्हणून सांगितल्या जातात. नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हा सन आहे. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हा सन असून माता मरिया व बाल येशू यांची आकृती आहे.

मराठी ख्रिस्ती माणसाने हा इतिहास वाचताना कोणत्या बाजूस उभे राहावे? हा प्रश्न पुष्कळ जण मनात ठेवितात व उघड बोलत नाहीत. आपल्या मुलांस शाळेत वसईच्या विजयाचा धडा शिकविला जातो, आणि घरी आल्यावर ती मुले विचारतात, मग आपण जिंकलो की हरलो? मुलास टाळाटाळीचे उत्तर देणे बरे नव्हे. आमच्या मते उत्तर असे आहे.

प्रथम जे सत्य ते मान्य करावे. पोर्तुगीज राज्यात हिंदू प्रजेवर जुलूम झाला. देवळे पाडली गेली, उघड उत्सव बंद करण्यात आले, आणि धर्मन्यायालयाचा धाक होता. पेशव्यांकडे गाऱ्हाणे नेणारे अंजूरचे नाईक बंधू व त्यांचे सहकारी हे उगाच भांडखोर नव्हते. त्यांचा छळ खरा होता. राज्यसत्तेच्या बळावर जे धर्मकार्य करण्यात आले, त्याने सुवार्तेस डागच लागला. हे बोलण्यास आम्हांस संकोच वाटत नाही, कारण ख्रिस्ताचे राज्य तोफेवर उभे नाही. म्हणून जुलमाच्या अंताविषयी कोणाही मराठी माणसास जो आनंद वाटतो, तो आपणासही वाटू द्यावा.

परंतु त्याबरोबरच दुसरे सत्यही सांगावे. जी घंटा गेली, ती केवळ पोर्तुगीजांची नव्हती. तिच्या नादावर सांदोर, पापडी, निर्मळ, आगाशी या गावांतील शेतकरी व कोळी आपली प्रार्थना म्हणत असत. ते कोणी परके नव्हते. याच मातीत पिके घेणारे, याच भाषेत रडणारे व हसणारे ते लोक होते. राज्य गेल्यावर पोर्तुगीज उमराव जहाजांत बसून निघून गेले. हे लोक कोठे जाणार? ते येथेच राहिले. युरोपीय पाद्री गेले, तेव्हा पाळकपणाचे काम देशी धर्मगुरूंनी अंगावर घेतले. तटाच्या आतली मंदिरे एकामागून एक ओस पडली, आणि तटाबाहेरची गावदेवळे टिकली.

या फेरीत आम्हांस जर काही शिकावयास मिळाले असेल, तर ते हेच. तटाच्या आत धन होते, तोफा होत्या, राजाश्रय होता, कोरीव खांब होते. तेथे आज ताड उभे आहेत. तटाच्या बाहेर केळीच्या बागा, भाताची खाचरे व कोळ्यांच्या होड्या होत्या. तेथे आज भरलेली मंदिरे आहेत. श्रद्धा ज्यांनी वरून घातली त्यांच्याबरोबर ती गेली नाही. ज्यांनी ती आपल्या बोलीत, आपल्या ओव्यांत व आपल्या लग्नगीतांत मुरविली, त्यांच्यापाशी ती राहिली. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती लोकांची कादोडी बोली व वाडवळांची बोली आजही ऐकावयास मिळते. मे १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचेच धर्मगुरू होते. त्यांना २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. ज्या समाजाच्या मराठीपणाविषयी कोणी शंका घेत असे, त्यास याहून निराळे उत्तर देण्याची गरज उरली नाही.

संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र याच गोष्टीची साक्ष देते. त्यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईस झाला. पिता पोर्तुगीज, माता कोकणची. येशूसंघीयांच्या छायेत ते वाढले व त्यांच्याबरोबर जपानास गेले. तेथील भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली. काही काळ व्यापार केल्यावर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू झाले. पुढे संघाचे धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता जपानच्या सत्ताधीशाकडे, हिदेयोशीकडे, गेले, तेव्हा दुभाषाचे काम गोन्सालो यांनीच केले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे एकंदर २६ रक्तसाक्ष्यांना क्रूसावर चढविण्यात आले, त्यांत ते होते. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी त्यांना संतपद दिले. आपला वर्धा जिल्हा अस्तित्वात आला तेही वर्ष १८६२. हा केवळ योगायोग खरा, परंतु स्मरणात ठेवावयास सोपा आहे. विशेष हे की, वसईच्या या सुपुत्राजवळ ना तट होता ना तोफ. त्याच्याजवळ होती ती दुसऱ्याची भाषा शिकण्याची तयारी आणि दिलेला शब्द पाळण्याची हिंमत. कोटातील उमरावांची नावे शिळांवरून झिजत चालली. व्यापार सोडून धर्मबंधू झालेल्या या माणसाचे नाव मात्र मुलांस ठेविले जाते.

नगराची पुढील हकीकत थोडक्यात सांगून टाकू. १७८० च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती गॉडर्ड याने वसई घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती मराठ्यांकडे परत आली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह करून मराठी राज्याच्या स्वातंत्र्यावर पाणी सोडले. म्हणजे ज्या नगरात मराठ्यांनी आपल्या शौर्याची परमावधी केली, त्याच नगरात ६३ वर्षांनी त्यांनी आपले स्वातंत्र्य लिहून दिले. तट कोणाचाच झाला नाही, पोर्तुगीजांचा नाही, पेशव्यांचा नाही आणि इंग्रजांचाही नाही. आज तो भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली राष्ट्रीय स्मारक म्हणून सर्वांचा झाला आहे. त्याच्या आवारात चिमाजी अप्पाचे स्मारक आहे, मराठेशाहीतील देवळे आहेत, आणि ख्रिस्तमंदिरेही आहेत. एकाच वाटेने चालणाऱ्यास या तिघांचे दर्शन घडते.

आणि वसईच्या मागे आणखी किती काळ उभा आहे, हेही विसरू नये. कोटापासून थोड्या अंतरावर सोपारा आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा तेथे सापडला, आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील बौद्ध स्तूप उघडून पाहिला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दीच्या ग्रंथात हे बंदर आले आहे. म्हणजे भूमध्य समुद्र व कोकण यांची ओळख पोर्तुगीजांनी करून दिली असे नव्हे. ती फार जुनी आहे. देवाणघेवाणीच्या खुणा तर आपल्या तोंडात रोज असतात. पाव, चावी, पगार, पिंप, हापूस हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. आपण वऱ्हाड-नागपूरकडील मंडळी बटाट्यास आलू म्हणतो एवढेच, परंतु पगार तर आपणही पगारच म्हणतो!

धर्मबंधु-भगिनींनो, महोत्सवाच्या वर्षी आपण इमारतीस रंग देतो, वेदीवर नवे वस्त्र घालतो, मागील धर्मगुरूंची छायाचित्रे भिंतीवर लावितो. हे सर्व योग्यच आहे. परंतु वसईचा कोट पाहून आल्यावर आम्हांस वाटते की, दोन कामे याहूनही अगत्याची आहेत. पहिले काम, धर्मग्रामाच्या जुन्या वह्या. बाप्तिस्मा, लग्न व दफन यांच्या या नोंदवह्या उधई व पाऊस यांपासून वाचवाव्यात. वसईच्या मोठ्यांची नावे दगडावर होती तरी झिजली. आपल्या लहानांची नावे तर कागदावर आहेत. दुसरे काम, वृद्ध मंडळींच्या तोंडी जी गाणी, प्रार्थना व हकीकती आहेत, त्या त्यांच्याच शब्दांत उतरून घ्याव्यात. ज्या समाजाने आपली प्रार्थना आपल्या भाषेत राखली, तो समाज तट कोसळल्यावरही उभा राहिला, हे आपण पाहिलेच आहे.

ज्यांना शक्य असेल त्यांनी फेब्रुवारीत, संत गोन्सालो यांच्या सणाच्या सुमारास, वसईची यात्रा करावी. तेव्हा ऊन सौम्य असते व गवत वाळल्याने शिळांवरील अक्षरे वाचता येतात. मुलांस अवश्य न्यावे. पायांत मजबूत जोडे व जवळ पाणी असावे, कारण कोटात चालणे पुष्कळ आहे. भिंतींवर नावे कोरू नयेत. तेथे कोरलेली नावे आधीच पुरेशी आहेत. सकाळी जमिनीच्या दरवाजाने आत शिरावे, सायंकाळी बंदराच्या दरवाजाने खाडीवर उतरावे. उतरल्यावर कोळीवाड्यातील देवळात क्षणभर बसावे. त्या देवळाच्या भिंतींस चुना ताजा असतो, मेणबत्त्या पेटलेल्या असतात, आणि सायंप्रार्थनेची घंटा तेथे आजही वाजते.